पांदणीची वाट, कालव्याचा काठ

वाशिम, कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीर. यांपैकी कोणत्याही गावाबाहेर पहाटे साडेपाचच्या सुमारास गेलात, तर डांबरी रस्त्याच्या कडेने चालणारी माणसे दिसतात. कुणाला डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितलेले असते, कुणाला रक्तदाबाची गोळी सुरू झालेली असते. चालण्याचा निश्चय चांगला, पण जागा चुकीची. अंधारात समोरून येणाऱ्या वाहनाचे दिवे डोळ्यांवर येतात, रस्त्याला पदपथ नसतो आणि श्वासाबरोबर धूर व धूळही आत जाते. गंमत अशी, की याच गावांच्या मागच्या बाजूला चालण्यासाठी फार चांगल्या वाटा आहेत. एक पांदण रस्त्याची आणि दुसरी कालव्याच्या काठाची.

चालण्याची गरज किती मोठी आहे, ते आकडेच सांगतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ही पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. २०२२ मध्ये जवळपास निम्मे भारतीय प्रौढ एवढाही व्यायाम करत नव्हते आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते.

‘आम्ही खेड्यातली माणसे, आम्हाला व्यायामाची काय गरज?’ हा प्रश्न नेहमी येतो. दिवसभर सोयाबीन सोंगणाऱ्या किंवा निंदण करणाऱ्या बाईला वेगळ्या चालण्याची गरज नाही. तिला विश्रांती आणि पोषण हवे. पण वावरात जाणारी पायपीट आता दुचाकीवर आली, नांगरणी ट्रॅक्टरवर गेली. दुकानदार, शिक्षक, चालक, कार्यालयातले कर्मचारी आणि हंगाम संपल्यावरचा शेतकरी, हे सगळे दिवसाचा बराच भाग बसून काढतात. बसून काम करण्याचा धोका डॉक्टरांना १९५३ पासून माहीत आहे. त्या वर्षी जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसमधले चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त होत होता, तर दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांना तो कमी होता.

चालताना शरीरात काय होते?

पायांचे स्नायू काम करू लागले, की ते रक्तातली साखर ओढून घेतात. त्यासाठी त्यांना इन्शुलिनची नेहमीइतकी गरज पडत नाही. म्हणूनच जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे फिरले तरी साखरेची उसळी कमी होते. पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला आवळतात आणि पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. दिवसभर बसणाऱ्यांच्या पायांची सूज त्यामुळे ओसरते.

रोज १० हजार पावले हवीतच, असे नाही. हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४ हजार ४०० पावले चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढला नाही. मिनिटाला शंभरेक पावले हा मध्यम वेग. सोबत्याशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा दम लागला की वेग बरोबर आहे असे समजावे.

काठावरची वाट सपाट का?

आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर आहे. इथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते. अडाण, अरुणावती यांचे पाणी मात्र पैनगंगेतून गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराकडे जाते. साहजिकच जमीन चढउताराची. कालवा मात्र गुरुत्वाकर्षणावर वाहतो. म्हणून अभियंते त्याला जवळपास समान उंचीवरून, अगदी थोडा उतार देत वळवत नेतात. त्यामुळे त्याच्या भरावावरची वाटही सपाट असते. गुडघे दुखणाऱ्यांना, नव्याने सुरुवात करणाऱ्यांना ती सोयीची. अडाण, सोनल, एकबुर्जी यांसारख्या प्रकल्पांच्या परिसरात राहणाऱ्यांनी आपल्या जवळचा कालवा किंवा धरणाचा परिसर त्या दृष्टीने पाहावा. रब्बीत पाणी सुटले, की काठावर खंड्या, बगळे आणि हिवाळी पाहुणा धोबी पक्षी हमखास भेटतात. ही वाट जलसंपदा विभागाची आहे. जिथे प्रवेश बंद असल्याची पाटी असेल, तिथे जाऊ नये.

पांदणीचा गुण वेगळा. तिथली जमीन मऊ आणि उंचसखल असते. अशा जमिनीवर घोट्याचे लहान स्नायू आणि तोल सांभाळण्याची क्षमता कामाला लागते. उतारवयात पडणे टाळायला याच दोन गोष्टी उपयोगी पडतात. मात्र पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटून किलो-किलोचे गोळे होतात. त्या चार महिन्यांत मुरमाचा रस्ता किंवा शाळेचे मैदान बरे.

सावधगिरी कोणती?

फटफटल्यावरच निघावे. घोणस, नाग, मण्यार आपल्याकडे आहेत. पायात बंद बूट, हातात काठी आणि अंधार असेल तर बॅटरी हवी. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा आणि सरकारी रुग्णालय गाठावे.

कालव्याचे काँक्रीटचे अस्तर शेवाळाने निसरडे होते. आत पडलेल्याला वर येता येत नाही. म्हणून हातपाय धुवायलाही उतरू नये, मुलांना काठाच्या आतल्या बाजूने चालवू नये. फवारणी सुरू असलेल्या वावराजवळून जाऊ नये. रोही-रानडुकरांसाठी लावलेल्या तारांना हात लावू नये. त्यात वीज असू शकते. उन्हाळ्यात आठच्या आत घरी परतावे.

मधुमेहींनी अनवाणी चालू नये, परतल्यावर तळपाय तपासावेत आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप वाटली तर तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वाट राहिली तर चालणे

इंग्लंडमधल्या खेड्यांत शेतांमधून जाणाऱ्या पायवाटा कायद्याने जपल्या आहेत. १९४९ च्या कायद्याने त्यांचे अधिकृत नकाशे तयार झाले. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहे. कालव्यांतल्या नावा ओढणारे घोडे ज्या काठावरून चालत, तिथे आता लोक फिरायला जातात.

आपल्याकडेही हा हक्क नवा नाही. गाव नकाशात पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते आणि तिची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. प्रत्यक्षात मात्र दरवर्षी नांगराचे एखादे तास आत सरकते, उरलेल्या जागेत बाभळी वाढतात आणि काही वर्षांत वाट फक्त कागदावर राहते. मग माल काढायला बैलगाडी जात नाही, शाळेत जाणारी मुले चिखलातून जातात आणि सकाळी फिरणारी माणसे पुन्हा महामार्गावर येतात. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण शेजारच्या धुऱ्यावरून तहसील गाठण्याआधी ग्रामसभेत नकाशा उघडून बसलेले बरे. खुणा दोघांच्या समोर ठरल्या की भांडण कमी होते.

पावसाळा उघडला की चार-पाच जणांनी मिळून गावाजवळची एक वाट निवडावी. पंधरा मिनिटे जायचे, पंधरा मिनिटे यायचे, आठवड्यातून पाच दिवस. झाली १५० मिनिटे. सोबत असली की स्त्रियांनाही गावाबाहेरच्या वाटेवर निर्धास्त जाता येते. पळस फुलेपर्यंत हा नेम टिकला, तर साखर आणि रक्तदाब पुन्हा तपासून घ्यावा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.