लस पंधरा दिवस आधी, गोळी दोन दिवसांच्या आत

मागच्या पावसाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिरात विषाणूंविषयी बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर एका बाईंनी विचारले, "आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर दर वर्षी फ्लूची लस घेतात. गोवराची लस लहानपणी दोनदा दिली की झालं, मग हीच दर वर्षी का? आणि माझ्या मुलाला फ्लू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळी नको, घरी झोपू दे. सासूबाईंना मात्र तपासणीसुद्धा न करता लगेच गोळी सुरू केली. हे कसं?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे विषाणूच्या अंगावरच्या दोन प्रथिनांत सापडतात, म्हणून आधी त्यांची ओळख करून घेऊ.

इन्फ्लुएंझाचा विषाणू साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. त्याच्या पृष्ठभागावर काट्यांसारखी प्रथिने असतात. त्यांपैकी हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन श्वासमार्गातील पेशींवरच्या सायलिक आम्लाला चिकटते आणि विषाणूला पेशीत शिरता येते. आत गेलेला विषाणू पेशीच्या यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. काही तासांतच नवे विषाणू बाहेर पडू लागतात, पण इथे एक अडचण येते. ज्या पेशीतून ते बाहेर पडतात तिच्यावरही सायलिक आम्ल असतेच, त्यामुळे ते तिलाच चिकटून बसतील! ही चिकटण कापण्याचे काम दुसरे प्रथिन, न्यूरामिनिडेज, कात्रीसारखे करते. एच१एन१ या नावातला 'एच' पहिल्या प्रथिनाचा आणि 'एन' दुसऱ्याचा.

आता पहिला प्रश्न. या विषाणूची जनुके आरएनएच्या आठ तुकड्यांवर असतात. आरएनएची नक्कल होताना ती तपासून पाहण्याची सोय विषाणूकडे नसते. फळ्यावरचे भराभर वहीत उतरवून घेणारा आणि पुन्हा न पाहणारा विद्यार्थी आठवा. चुका राहतात, आणि त्यांतल्या काहींमुळे हिमॅग्लुटिनिनचा आकार किंचित बदलतो. मग गेल्या वर्षीच्या लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे त्याला नीट ओळखत नाहीत. इथे चाणाक्ष विद्यार्थी विचारेल, गोवराचा विषाणूही आरएनएचाच, तोही अशाच चुका करतो, मग त्याची लस का चालते? कारण गोवराच्या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना असे बदल मानवत नाहीत. प्रतिपिंडे जिथे बसतात तो भाग बदलला तर पेशीत शिरण्याचे त्यांचे कामच बिघडते. फ्लूच्या हिमॅग्लुटिनिनला मात्र आपले काम सांभाळून रूप बदलता येते. शिवाय लसीने आलेली प्रतिपिंडेही काही महिन्यांत कमी होत जातात.

हा झाला हळूहळू होणारा बदल. दुसरा बदल एकदम होतो. एकाच डुकराच्या एकाच पेशीत दोन वेगळ्या जातींचे विषाणू शिरले तर त्या आठ तुकड्यांची सरमिसळ होऊन तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत आढळलेला एच१एन१ असाच होता. डुकरे, पक्षी आणि माणूस यांच्या विषाणूंतले तुकडे त्यात एकत्र आले होते. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या विषाणूने झालेला भारतातला तो पहिला नोंदलेला मृत्यू. शाळा बंद झाल्या, शहर मास्क लावून फिरू लागले, आणि तपासणीसाठी नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. त्या वेळी उपलब्ध असलेली लस या विषाणूवर निरुपयोगी होती आणि नवी यायला काही महिने लागणार होते. हाताशी होते एक औषध, ओसेल्टामिविर.

हे औषध विषाणूला मारत नाही. न्यूरामिनिडेजच्या खाचेत जाऊन ते बसते, कात्री अडकते, आणि तयार झालेले विषाणू पेशीवरच चिकटून राहतात. म्हणजे ते फक्त प्रसार थांबवते. शरीरातील विषाणूंची संख्या लक्षणे दिसल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिखरावर पोहोचते. म्हणूनच गोळी ४८ तासांच्या आत सुरू करायची. प्रौढांना ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. प्रकृती गंभीर असेल तर उशीर झाला तरी देतात, कारण अशा रुग्णात विषाणू अधिक दिवस वाढत राहतो.

मग बाईंच्या मुलाला का दिली नाही? धडधाकट माणसाचा आजार या गोळीने जेमतेम एक दिवसाने, बहुधा त्याहूनही कमी काळाने घटतो, आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. २००९ मध्ये केंद्र सरकारने रुग्णांचे तीन वर्ग केले. सौम्य ताप, खोकला, अंगदुखी हा 'अ' वर्ग: तपासणी नको, गोळी नको, घरी विश्रांती आणि एक-दोन दिवस लक्ष. गरोदर स्त्रिया, ६५ वर्षांवरील माणसे, लहान मुले, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले रुग्ण हे 'ब' वर्गात: अहवालाची वाट न पाहता गोळी. धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी, थुंकीतून रक्त, नखे निळी पडणे यांपैकी काही दिसले की 'क' वर्ग: ताबडतोब रुग्णालय. मुलगा 'अ' वर्गात होता आणि सासूबाई 'ब' वर्गात. मला ही वर्गवारी फार शहाणपणाची वाटते, कारण प्रयोगशाळा नसलेल्या गावातही सिस्टर केवळ पाहून आणि विचारून निर्णय घेऊ शकतात.

औषधावर फार विसंबूनही चालत नाही. २००७-०८ च्या हिवाळ्यात तेव्हाच्या नेहमीच्या एच१एन१ विषाणूच्या न्यूरामिनिडेजमध्ये २७५ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले. खाचेत औषध बसेना. पुढच्या वर्षभरात ही जात जवळजवळ सगळ्या जगात पसरली, आणि गंमत म्हणजे औषध फारसे न वापरणाऱ्या नॉर्वेतही ती सुरुवातीलाच दिसली होती. २००९ च्या नव्या विषाणूने तिला हटवले आणि त्याच्यावर औषध चालत होते, हे आपले नशीब.

लसीचे वेळापत्रक याहून वेगळे. टोचल्यावर प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून साथीच्या आधीच टोचायला हवी. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, काही वेळा जानेवारी ते मार्चमध्येही. श्रीनगरला तो हिवाळ्यात. लसीत कोणते विषाणू घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था याच जागतिक जाळ्याचा भाग आहे. आपण उत्तर गोलार्धात राहतो खरे, पण पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये टोचायची तर हाताशी ताजी असते ती दक्षिण गोलार्धाची लस! भूगोलाच्या तासालाही हे सांगण्यासारखे आहे.

बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून, तो निष्क्रिय करून बनवतात. निष्क्रिय विषाणूमुळे फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, कधी दिवसभर कसकस वाटते, इतकेच. निवड नीट जुळली त्या वर्षी दवाखान्यात जाण्याइतका फ्लू होण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी घटते. हा आकडा गोवराच्या लसीपुढे फिका आहे, हे कबूल. पण सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याचे रक्षण गरोदरपणी आईला टोचून होते, कारण तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून माणूस विषाणू पसरवू लागतो. त्यामुळे सिस्टरने स्वतः लस घेणे हे तिच्या बाळंतिणींसाठी असते, तेवढेच तिच्यासाठीही.

जाता जाता एक गोष्ट. ओसेल्टामिविरचा कच्चा माल असलेले शिकिमिक आम्ल मसाल्यातल्या चक्रीफुलातून काढत आले आहेत. आता ते जिवाणूंकडूनही बनवून घेतात. शिबिरात हे सांगताच कोणीतरी विचारले, मग चक्रीफुलाचा काढा चालेल का? नाही. शिकिमिक आम्लापासून औषध बनेपर्यंत रसायनशाळेत अनेक पायऱ्या ओलांडाव्या लागतात, आणि न्यूरामिनिडेजच्या खाचेत बसणारा आकार त्या पायऱ्यांनंतरच मिळतो. प्रतिजैविकेही फ्लूवर चालत नाहीत. मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन तर मुळीच देऊ नये, त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा विकार होऊ शकतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि औषध न घेता ताप उतरून २४ तास होईपर्यंत शाळेला सुट्टी.