जुन्या छायाचित्रांतून ओळखा किनाऱ्याची सरक

पेण, अलिबागच्या खारेपाटात खाडी किती आत आली, असे विचारले तर तीन माणसे तीन आकडे सांगतात. "आजोबांच्या वेळी भरतीचे पाणी त्या तिवरांच्याही पलीकडे असायचे," हे बहुतेक वेळा खरेच असते. पण बांधदुरुस्तीचा अर्ज करताना किंवा समुद्राकडच्या बाजूला नारळ लावावेत की नाहीत हे ठरवताना मीटर आणि वर्ष सांगावे लागते. ते आकाशातून घेतलेल्या जुन्या-नव्या छायाचित्रांवरून काढता येते.

विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रे भारतीय सर्वेक्षण विभागाकडे असतात. एकट्या शेतकऱ्याला ती मिळवणे जिकिरीचे. त्याला चांगला पर्याय म्हणजे अमेरिकेच्या 'कोरोना' या हेर उपग्रहांची १९६० ते १९७२ मधील कृष्णधवल छायाचित्रे. ती १९९५ मध्ये खुली झाली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर आधीच स्कॅन झालेली छायाचित्रे मोफत मिळतात. अलीकडच्या वर्षांसाठी गुगल अर्थ प्रोमधील घड्याळाचे चिन्ह दाबून मागच्या तारखा पाहाव्यात.

पाण्याची कड मोजू नका

सर्वाधिक फसगत इथेच होते. किनारा ५० मीटरला १ मीटर उतरत असेल आणि दोन छायाचित्रांच्या वेळी पाण्याच्या पातळीत २ मीटरचा फरक असेल, तर पाण्याची कड १०० मीटर सरकलेली दिसते. प्रत्यक्षात किनारा तसूभरही हललेला नसतो. एक छायाचित्र भरतीचे, दुसरे ओहोटीचे, इतकेच. म्हणून ओल्या-कोरड्या वाळूची सीमा, सुरूच्या किंवा केवड्याच्या झाडांची समुद्राकडची रांग किंवा बाहेरकाठ्याचा माथा मोजावा. झाडांची रांग मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती रोजच्या भरतीने बदलत नाही.

ऋतूही पाहावा. पावसाळ्यातील लाटा वाळू ओढून नेतात, ऑक्टोबरनंतर ती हळूहळू परत येते. सप्टेंबरचे चित्र एप्रिलच्या चित्राशी ताडले तर धूप किंवा भर उगाचच दिसते. शक्यतो फेब्रुवारी ते मे या काळातील चित्रेच घ्यावीत.

दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवण्यासाठी न हललेल्या तीन-चार खुणा निवडाव्यात: देऊळ, जुनी विहीर, रस्त्याचा तिठा. या खुणाच १० मीटरने चुकत असतील, तर त्याहून कमी सरक खरी मानू नये. समजा, २००५ ते २०२५ मध्ये झाडांची रांग २४ मीटर मागे आली आणि चूक १० मीटरची आहे. म्हणजे सरक १४ ते ३४ मीटर, वर्षाला ०.७ ते १.७ मीटर. अर्जात हा पल्लाच लिहावा. एकच नेमका आकडा छान दिसतो, पण तपासणीत टिकत नाही.

खांड गेलेले शेत

खारभूमीत मला किनाऱ्यापेक्षा बांधाच्या आतला बदल जास्त महत्त्वाचा वाटतो. बाहेरकाठ्याला खांड गेली की पुढच्या उधाणात खारे पाणी शेतात शिरते. चित्रात बांधावर एक फट दिसते, तिच्यातून आत फुटत गेलेल्या नाळ्या दिसतात आणि खाचरांच्या चौकटी पुसट होत जातात. काही वर्षांनी तिथे गडद, दाणेदार ठिपके येतात, ती कांदळवने. राज्यात कांदळवन तोडण्यास बंदी आहे, त्यामुळे एकदा ती रुजली की ते खाचर पुन्हा भाताखाली आणणे जवळपास अशक्य. कांदळवन लाटांचा मारा कमी करते, बांधाबाहेर ते हवेच. पण आत ते कधी आले, खांड आधीची की नंतरची, याचा पुरावा तारीखवार चित्रांतूनच मिळतो. दुरुस्ती वेळेत झाली नाही, अशी तक्रार असेल तर हाच क्रम मांडावा.

चित्रात क्षार मात्र मोजता येत नाहीत. उघाडीजवळचे, मधले आणि गावाकडचे खाचर यांतून मे महिन्यात मातीचे वेगवेगळे नमुने घ्यावेत. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आली, तर ती जमीन क्षारयुक्त समजावी आणि तिथे पनवेल-३ सारखा क्षार सहन करणारा भात घ्यावा. नमुन्याच्या पिशवीवर खाचराची जागा छायाचित्रातील खुणेसह लिहावी, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच ठिकाणचा नमुना घेता येतो.