द्राक्षबागेतील नोंदी आणि बागायतदाराचे निर्णय

शेतीच्या धंद्यात रोज निर्णय घ्यावे लागतात. छाटणी कोणत्या आठवड्यात घ्यावी, फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, माल तोडावा की वेलीवर ठेवावा, तो जागेवर व्यापाऱ्यास द्यावा की निर्यातदारास द्यावा, असे प्रश्न द्राक्ष बागायतदारापुढे सतत उभे राहतात आणि त्यांची उत्तरे देण्यास बहुधा एक-दोन दिवसांचाच अवधी असतो. अनुभवी बागायतदार ही उत्तरे स्मरणाच्या व अंदाजाच्या बळावर देतो. अनुभवाचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. तथापि एका हंगामात होणाऱ्या सर्व फवारण्यांच्या तारखा, औषधांची नावे व त्यांचे प्रमाण ही कोणाच्याही स्मरणात अचूक राहणे शक्य नाही. आणि नेमक्या याच गोष्टींवर आज मालाची किंमत अवलंबून आहे.

कारखाने, बँका व मोठ्या व्यापारी पेढ्या यांनी अशा अडचणीवर जो उपाय योजला, त्यास ‘व्यवस्थापन माहिती प्रणाली’ असे नाव आहे. नाव जड असले तरी गोष्ट साधी आहे. कामाच्या जागी जे घडते त्याची त्याच वेळी नोंद करणे, त्या नोंदींतून निर्णयास उपयोगी पडेल तेवढे वेचून काढणे, आणि ते निर्णय घेणाऱ्याच्या हाती वेळेवर पोहोचविणे, या तीन गोष्टी मिळून ही प्रणाली बनते. संगणक हे तिचे एक साधन आहे. साध्या वहीवरही ती चालू शकते. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांस तर अशी एक प्रणाली अनेक वर्षांपासून परिचित आहे. तिचे स्वरूप व तिने दिलेला धडा नीट समजून घेतल्यास आपल्या घरच्या वहीचेही महत्त्व ध्यानात येईल.

ग्रेपनेटची उभारणी

युरोपीय देशांत द्राक्षे पाठवावयाची असल्यास त्यांत कीडनाशकांचे अंश ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असता कामा नयेत. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरविलेली नाही, त्यासाठी सर्वसाधारण मर्यादा किलोग्रॅमला ०.०१ मिलिग्रॅम इतकी आहे. याचा अर्थ असा की एक लाख किलो द्राक्षांत मिळून त्या औषधाचा केवळ एक ग्रॅम अंश चालू शकतो. ही मर्यादा डोळ्यांनी पाहून, चव घेऊन किंवा अंदाजाने कळण्याजोगी नाही. ती प्रयोगशाळेतच कळते. आणि माल परदेशी बंदरात पोहोचल्यावर कळली, तर तोपर्यंत सर्व खर्च होऊन गेलेला असतो.

यास्तव कृषी व प्रक्रिया खाद्य उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘अपेडा’ने, २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. तिची रचना अशी आहे. निर्यात करू इच्छिणारा बागायतदार आपल्या बागेची नोंदणी कृषी विभागाकडे करतो व प्रत्येक बागेस स्वतंत्र क्रमांक मिळतो. फवारण्यांची नोंद ठेवली जाते व कृषी अधिकारी बागेची तपासणी करतात. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा बागेतून नमुना घेते व निकाल प्रणालीत नोंदविते. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा या कामात संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम पाहते. निकाल मर्यादेत असल्यास माल पॅकहाऊसकडे जातो आणि पुढे ॲगमार्कचे व पीकस्वास्थ्याचे प्रमाणपत्र मिळते. निकाल मर्यादेबाहेर गेल्यास त्या बागेविषयी सर्व संबंधितांस इशारा मिळतो व तेथील माल निर्यातीस जाऊ शकत नाही.

या रचनेत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे प्रत्येक नोंद कोणत्या तरी एका निर्णयाशी जोडलेली आहे. बागेचा क्रमांक हा ‘माल कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रयोगशाळेचा निकाल हा ‘तोडावा की थांबावे’ याचे उत्तर देतो. परदेशात एखाद्या पेटीविषयी तक्रार आल्यास ती पेटी कोणत्या बागेतून आली हे मागे मागे जाऊन शोधता येते. त्यामुळे एका बागेतील दोषासाठी सबंध जिल्ह्याचा माल अडण्याचे कारण उरत नाही. पुढे आंबा, डाळिंब व भाजीपाला यांच्यासाठीही मँगोनेट, अनारनेट व व्हेजनेट या नावांनी अशाच व्यवस्था झाल्या.

२०१० सालचा धडा

एवढी व्यवस्था असूनही २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांपुढे मोठे संकट उभे राहिले. क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्यास बागायतदार ‘सीसीसी’ म्हणून ओळखतात, या वाढनियंत्रकाचे अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळले. तेव्हा ती मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती. वेलीची शाकीय वाढ आवरण्यासाठी हे रसायन बागांत वापरले जात असे. माल अडकून पडला व निर्यातदार आणि बागायतदार दोघांचेही मोठे नुकसान झाले.

नोंदणी होती, तपासणी होती, प्रयोगशाळेचे दाखलेही होते. मग दोष कोठे राहिला? ज्या रसायनांची तपासणी करावयाची त्यांच्या यादीतच सीसीसीचे नाव त्या वेळी नव्हते. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर प्रणाली देऊ शकली नाही. त्यानंतर या रसायनाचा तपासणीत समावेश झाला.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की माहितीची व्यवस्था कितीही मोठी असली तरी तिला विचारलेल्या प्रश्नांपलीकडचे ती सांगत नाही. सबब प्रश्नांची यादी दरवर्षी तपासून पाहिली पाहिजे. दुसरी गोष्ट बागायतदाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. प्रयोगशाळा यादीतील रसायनेच तपासते. परंतु बागेत प्रत्यक्ष काय काय मारले गेले हे एकट्या बागायतदारासच ठाऊक असते. त्याच्या वहीत प्रत्येक वापराची नोंद असेल, मग ते कीडनाशक असो, वाढनियंत्रक असो वा ‘टॉनिक’ म्हणून घेतलेली बाटली असो, तर धोक्याची सूचना मिळताच कोणती बाग निर्धोक व कोणती संशयास्पद हे त्याला त्याच दिवशी सांगता येईल. ज्याची वही कोरी आहे त्याला आपली निर्दोष बागही निर्दोष म्हणून दाखविता येत नाही.

फवारणीची वही कशी ठेवावी

वहीत रकाने थोडे असावेत, पण ते रोज भरावेत. तारीख व वेळ, बागेचा क्रमांक, छाटणीपासूनचा दिवस, औषधातील मूळ घटकाचे नाव, कंपनीचे नाव व गठ्ठा क्रमांक, प्रमाण व वापरलेले पाणी, फवारणीचे कारण, आणि काढणीपूर्व प्रतीक्षाकाल एवढे रकाने पुरेत. मूळ घटकाचे नाव लिहिण्याचा आग्रह अशासाठी की, एकच घटक वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी विकला जातो व नकळत त्याच घटकाची फवारणी पुनःपुन्हा होते.

शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. औषध मारल्यानंतर काढणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यावयाचे, यास प्रतीक्षाकाल म्हणतात. बागायतदारांत तो ‘पीएचआय’ या नावाने रूढ आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तयार केलेल्या औषधांच्या यादीत, जी ‘परिशिष्ट ५’ म्हणून परिचित आहे, हे दिवस दिलेले असतात. फवारणीच्या तारखेत हे दिवस मिळवून ‘या तारखेपूर्वी तोडणी नाही’ अशी तारीख वहीत लिहून ठेवावी. समजा, २० जानेवारीस मारलेल्या औषधाचा प्रतीक्षाकाल ३० दिवसांचा आहे. तर १९ फेब्रुवारीपूर्वी तोडणी करता येणार नाही. निर्यातदार १० फेब्रुवारीस माल मागत असेल, तर ते औषध २० जानेवारीस मारूच नये. कमी प्रतीक्षाकालाचे दुसरे शिफारशीत औषध पाहावे. हा निर्णय फवारणीच्या सकाळी घ्यावयाचा असतो. पंप रिकामा झाल्यावर तो घेता येत नाही.

‘फवारणीचे कारण’ हा रकानाही रिकामा सोडू नये. शेजाऱ्याने मारले म्हणून आपणही मारले, अशा फवारण्या किती झाल्या हे हंगामाअखेर या रकान्यावरून कळते. पाऊस, दव, आर्द्रता व पानांवर दिसलेली लक्षणे यांची एक ओळ लिहिली, तर केवडा किंवा भुरीसाठी केलेली फवारणी खरोखर आवश्यक होती काय, याचा पुढील वर्षी विचार करता येतो.

जमाखर्चाची वही काय सांगते

आता एक काल्पनिक हिशेब पाहू. एका बागायतदाराकडे प्रत्येकी एक एकराच्या दोन बागा आहेत असे समजू. पहिल्या बागेत १०,००० किलो माल निघाला व तो देशी बाजारात ३२ रुपये दराने गेला. उत्पन्न ३,२०,००० रुपये व खर्च २,६०,००० रुपये. शिल्लक ६०,००० रुपये. दुसऱ्या बागेत घड विरळ करून ८,००० किलोच माल घेतला व तो निर्यातीस ४५ रुपये दराने गेला. उत्पन्न ३,६०,००० रुपये व खर्च २,७०,००० रुपये. शिल्लक ९०,००० रुपये.

केवळ उत्पादन पाहणारा पहिल्या बागेस सरस म्हणेल. किलोमागे खर्च काढणाराही तेच म्हणेल, कारण पहिल्या बागेत तो २६ रुपये व दुसऱ्या बागेत ३३ रुपये ७५ पैसे येतो. हाती उरलेली रक्कम मात्र दुसऱ्या बागेत अधिक आहे. तात्पर्य, एकाच आकड्यावर निर्णय करू नये.

परंतु हिशेब येथे थांबत नाही. दुसऱ्या बागेचा नमुना तपासणीत नापास झाला व तोच माल ३२ रुपयांनी देशी बाजारात द्यावा लागला, तर उत्पन्न २,५६,००० रुपयांवर येते व ९०,००० रुपयांच्या शिलकीऐवजी १४,००० रुपयांचा तोटा होतो. म्हणजे एका निकालाने १,०४,००० रुपयांचा फरक पडतो, आणि तो निकाल बहुतांशी फवारणीच्या शिस्तीवर ठरतो. फवारणीची वही व जमाखर्चाची वही या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. ज्या बागायतदारास फवारणीची शिस्त पाळता येणार नाही, त्याने निर्यातीच्या दराच्या भरवशावर खर्च वाढवू नये, हाही निर्णय याच वहीतून निघतो.

बाजारभावासाठी २००० साली सुरू झालेले ॲगमार्कनेट व २०१६ साली सुरू झालेली ई-नाम ही सरकारी साधने आहेत. त्यांवरील दर पाहताना तो कोणत्या बाजाराचा, कोणत्या प्रतीचा व किती आवकेवरचा आहे हेही पाहावे. आपल्या किलोमागील खर्चाचा आकडा शेजारी असल्याखेरीज बाजारभाव हा नुसता ऐकीव आकडा राहतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावातील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास ‘नोंदी ठेवा’ एवढेच सांगून थांबू नये. ज्या नोंदीचा उपयोग दिसत नाही ती नोंद चार दिवसांत बंद पडते, किंवा तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरली जाते. अशी मागाहून भरलेली वही कोऱ्या वहीपेक्षा अधिक घातक होय, कारण तिच्यावर विसंबून चुकीचा निर्णय होतो. म्हणून प्रथम बागायतदाराबरोबर बसून येत्या हंगामातील त्याचे तीन-चार मोठे निर्णय कागदावर लिहावेत; प्रत्येक निर्णयास कोणती माहिती लागेल हे ठरवावे; व तेवढेच रकाने आखून द्यावेत. घरात जो रोज बागेत असतो व ज्याचे अक्षर बरे आहे, मग तो मुलगा असो, सून असो वा स्वतः कारभारी असो, त्याच्याकडे वही सोपवावी. भ्रमणध्वनीवर नोंद ठेवण्याची सोय असल्यास ती अवश्य वापरावी. मात्र तिची एक प्रत घरी राहील असे पाहावे.

महिन्यातून एकदा चार-पाच बागायतदारांनी एकत्र बसून वह्या ताडून पाहाव्यात. एकाच रोगासाठी कोणी किती फवारण्या केल्या, कोणाचा खर्च कोठे वाढला, हे समोरासमोर ठेवले म्हणजे जे बाहेरच्या तज्ज्ञास सांगता येत नाही ते शेजाऱ्याच्या वहीतून कळते. शेतकरी उत्पादक कंपन्या असलेल्या गावांत हे काम अधिक सुलभ आहे. सभासदांच्या तोडणीच्या तारखा एकत्र मांडल्यास कोणत्या आठवड्यात किती माल हाती येईल हे कंपनीस आधीच कळते, व मग निर्यातदाराशी दराची बोलणी करताना तिची बाजू भक्कम राहते.

ज्या बागायतदारांनी अद्याप वही घातलेली नाही, त्यांनी येत्या छाटणीचा दिवस हा वहीचा पहिला दिवस धरावा. पहिल्या पानावर छाटणीची तारीख व बागेचा क्रमांक लिहावा आणि त्यानंतर औषधाची एकही बाटली वहीत नाव लिहिल्याखेरीज फोडू नये. एवढा एक नियम हंगामभर पाळला, तरी नमुना घेण्याच्या दिवशी मनास जी धाकधूक लागून राहते ती पुष्कळ अंशी कमी होईल.