फुलावरचा भुंगेरा : चोर, पाहुणा की मदतनीस?

श्रावण-भाद्रपदात धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात किंवा चाळीसगावच्या आसपासच्या माळांवर गेलो, तर गुडघाभर गवत आणि त्यात अंतराअंतरावर उभी असलेली हिवर, बाभूळ, बोर, अंजन अशी झाडे दिसतात. अशा जमिनीला आपण माळ, कुरण किंवा गायरान म्हणतो. सरकारी दप्तरात तिची नोंद पुष्कळदा 'पडीक' अशी होते. परिसरशास्त्रात मात्र याच भूप्रदेशाला 'सॅव्हाना' म्हणतात. अखंड गवताची जमीन आणि तीवर विरळ झाडे, ही तिची ओळख.

सॅव्हाना म्हणजे तोडलेले जंगल, असा एक समज आहे. काही ठिकाणी तसे घडलेही असेल. पण शिवालिक टेकड्यांच्या खडकांतील पुराव्यांवरून असे दिसते, की उष्ण प्रदेशातील गवते भारतीय उपखंडात सुमारे ६० ते ८० लाख वर्षांपूर्वीच मोठ्या प्रमाणावर पसरली होती. चार महिने पाऊस, आठ महिने कोरडे, जोडीला चराई आणि अधूनमधून वणवा, अशा परिस्थितीत वाढणारी ही सृष्टी आहे. या गवतांना भरपूर ऊन लागते. त्यांवर दाट सावली पडली की ती नाहीशी होतात.

गवताची फुले बहुतेक वाऱ्यावर फळतात. मग माळावर कीटकांचे काय काम? गवताच्या आधाराने वाढणारी कुर्डू, टाकळा, एकदांडी, तरवड यांसारखी झाडेझुडपे आणि शेजारच्या शेतातील तूर, तीळ, भेंडी, कपाशी यांच्या फुलांवर कीटक येतात. त्यांतले बरेचसे राहतात मात्र माळावर. मधमाश्यांच्या बहुसंख्य जाती पोळे बांधत नाहीत. त्या एकेकट्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या शेतात अशी बिळे टिकणे अवघड. न नांगरलेला माळ त्यांना सोयीचा.

भुंगा आणि भुंगेरा

येथे शब्दांची एक गल्लत दूर करू. कवितेत गुंजारव करणारा काळा भुंगा ही प्रत्यक्षात एक मोठी मधमाशी आहे. ती वाळक्या लाकडात घर पोखरते. भुंगेरा हा वेगळा गट. त्याच्या पंखांची पुढची जोडी कठीण झालेली असते आणि तिच्याखाली उडण्याचे पातळ पंख घडी घालून ठेवलेले असतात. भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींचे वर्णन आजवर झाले आहे. फुलांशी त्यांचे नातेही जुने आहे. म्यानमारमध्ये मिळालेल्या सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये अंगाला परागकण चिकटलेला एक भुंगेरा सापडला. त्याचे वर्णन २०१९ साली प्रसिद्ध झाले.

फुलावर बसला म्हणजे परागीभवन झाले का?

नाही. फुलावर कीटक दिसला की आम्ही स्वतःला चार प्रश्न विचारतो. त्याच्या अंगाला पराग लागतात का? तो कुक्षीला स्पर्श करतो का? तो पुढे त्याच जातीच्या दुसऱ्या फुलावर जातो का? आणि त्याला येऊ दिले नाही, तर फळधारणा कमी होते का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगानेच मिळते.

तरवडाचे उदाहरण घेऊ. त्याच्या फुलात मध नसतो. परागकोश सरळ उकलत नाहीत. टोकाला फक्त बारीक छिद्रे असतात. काळा भुंगा फूल धरून अंग थरथरवतो तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ सांडावे तसे पराग बाहेर पडतात. आखूड पुंकेसरांतले पराग तो गोळा करतो आणि लांब पुंकेसरांतले त्याच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर जातात. पोळ्यातल्या मधमाशीला अशी थरथर करता येत नाही. म्हणजे तिची भेट आणि भुंग्याची भेट यांत फरक आहे.

आता काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले हिंगे पाहा. बाजरीच्या कणसावर, तुरीच्या, चवळीच्या, भेंडीच्या फुलांवर ते बसतात आणि पराग व पाकळ्या कुरतडून खातात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा चोरच. पण त्याची मादी अंडी घालते जमिनीत. त्यातून निघालेली चपळ अळी मातीत फिरून नाकतोड्यांच्या अंड्यांचे पुंजके शोधते आणि त्यांवर वाढते. पुढच्या अवस्थांत तिचे रूप पुन्हापुन्हा बदलते. याच कुळातील एका भुंगेऱ्यात हा प्रकार पाहून फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांनी १८५७ मध्ये त्याला 'अतिरूपांतर' असे नाव दिले. एकच प्राणी फुलोऱ्यात उपद्रवी आणि मातीत उपकारक! त्याला नुसता 'शत्रू' किंवा 'मित्र' म्हणून भागत नाही.

माळ नांगरला किंवा त्यावर दाट झाडे लावली, तर ही सगळी साखळी तुटू शकते. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा हा पक्षी शतकाहून अधिक काळानंतर पुन्हा सापडला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. घुबडाएवढा पक्षी इतकी वर्षे नजरेआड राहतो, तर नखाएवढ्या भुंगेऱ्यांची काय कथा? जमिनीला 'पडीक' म्हणण्यापूर्वी तेथे कोण राहते, याची यादी व्हायला हवी. ती करायला महागडी साधने लागत नाहीत.

शाळेत करण्याजोगे

१. एका फुलझाडासमोर दहा मिनिटे बसा. आलेला कीटक, त्याची वेळ आणि त्याने काय केले (पराग खाल्ले, मध प्यायला, पाकळी कुरतडली, नुसता बसला) याची नोंद करा. हेच सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी करा.

२. तरवडाच्या दहा कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधा. दहा मोकळ्या ठेवून त्यांना दोरा बांधा. पाकळ्या गळल्यावर पिशव्या काढा आणि शेंगा मोजा. उत्तर आधी सांगू नका.

३. हिंगे हाताने पकडू नका. त्यांच्या अंगातील कँथॅरिडिन या द्रव्याने कातडीवर फोड येतात.

एकाच माळाच्या अशा नोंदी तीन-चार वर्षे सलग ठेवल्या, तर संशोधकालाही त्या उपयोगी पडतील.