लेन्स नवी, कॅमेरा जुना. फोकस का जुळत नाही?

रत्नागिरी : हौशी छायाचित्रकाराच्या खर्चात कॅमेऱ्यापेक्षा लेन्सचा वाटा बहुधा मोठा असतो. कॅमेऱ्याची बॉडी आठ-दहा वर्षे वापरायची आणि ऐपतीप्रमाणे एकेक लेन्स जोडत जायची, असा अनेकांचा शिरस्ता आहे. रत्नागिरी जिल्ह्यात या हौसेला विषयांची वानवा नाही. मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर दरवर्षी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू येथील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. पिल्लांवर फ्लॅश मारता येत नाही आणि कातळावरच्या उथळ रेषा तिरप्या, कोवळ्या उन्हातच उठून दिसतात. म्हणजे दोन्हीकडे उजेड कमी आणि चांगल्या लेन्सची गरज अधिक.

अशी लेन्स मुंबईच्या बोरा बाजारातून किंवा ऑनलाइन मागवली जाते. ती जुन्या बॉडीवर 'खट्' आवाज करून नीट बसते. मात्र बटण दाबले तरी ऑटोफोकस हलत नाही. साडेतीनशे किलोमीटरवरच्या दुकानात ती परत करणे सोपे नसते आणि वापरलेली घेतली असेल तर परतीचा प्रश्नच उद्भवत नाही. वस्तुतः पुष्कळदा लेन्सही बिघडलेली नसते आणि कॅमेराही. अडचणीचे मूळ ऑटोफोकसच्या इतिहासात आहे.

मोटार कोठे आहे?

फोकस जुळवण्यासाठी लेन्समधील भिंगे पुढेमागे सरकवावी लागतात आणि त्यासाठी मोटार लागते. ही मोटार कोठे बसवायची, यावर कंपन्यांचे मार्ग वेगळे झाले. १९८५ मध्ये आलेल्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यात मोटार बॉडीत होती. एका दांडीच्या साह्याने ती लेन्स फिरवत असे. १९८६ मध्ये निकॉनने एफ-५०१ या कॅमेऱ्यात तीच पद्धत स्वीकारली. कॅननने मात्र १९८७ मध्ये ईओएस मालिका आणताना माउंटच बदलले. प्रत्येक लेन्समध्ये स्वतंत्र मोटार दिली आणि बॉडी व लेन्स यांचा सारा संवाद विद्युत संपर्कबिंदूंवर सोपवला. त्यामुळे जुन्या एफडी लेन्स नव्या बॉडीवर बसेनाशा झाल्या. ग्राहक तेव्हा नाराज झाले. पण संदिग्धता राहिली नाही.

निकॉनने १९५९ पासूनचे एफ माउंट कायम ठेवले. जुन्या ग्राहकांची सोय झाली. परंतु लेन्स 'बसते' म्हणजे ती 'चालते' असे नाही, ही नवी गुंतागुंत त्यातूनच निर्माण झाली.

निकॉनच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी एएफ-एस लेन्सची. १९९० च्या दशकात निकॉननेही लेन्समध्ये मोटार देण्यास प्रारंभ केला. एफ-५०१ सारख्या आरंभीच्या फिल्म कॅमेऱ्यांना या मोटारीला आज्ञा देताच येत नाही. तेथे फोकस हातानेच करावा लागतो. याच्या उलट प्रकार २००६ मध्ये डी४० या कॅमेऱ्यापासून दिसू लागला. किंमत आणि वजन कमी करण्यासाठी बॉडीतील मोटार काढून टाकण्यात आली. पुढे डी३००० आणि डी५००० या मालिकांतही ती नव्हती. त्यामुळे ५० एमएम एफ/१.८डी ही लोकप्रिय, स्वस्त लेन्स या बॉडींवर आपोआप फोकस करीत नाही. हाताने कडे फिरवून, व्ह्यूफाइंडरमधील हिरव्या ठिपक्याच्या आधारे काम भागवता येते.

दुसरी पायरी 'ई' प्रकारच्या लेन्सची. यांत अॅपर्चरची पाती यांत्रिक दांडीऐवजी विद्युतचुंबकाने हलतात. पक्षिनिरीक्षकांच्या आवडीची २०१५ मधील २००-५०० एमएम लेन्स याच प्रकारची आहे. डी८०, डी९०, डी२०० यांसारख्या बॉडींना अशा पात्यांवर नियंत्रण ठेवता येत नाही.

तिसरी आणि सर्वांत फसवी पायरी २०१६ मध्ये आलेल्या एएफ-पी लेन्सची. यांतील स्टेपिंग मोटार जलद आणि निःशब्द आहे. मात्र लेन्सवरचे फोकसचे कडे भिंगांना प्रत्यक्ष जोडलेले नसते. ते फिरवले की केवळ मोटारीला संदेश जातो. परिणामी डी९० किंवा डी३००० सारख्या बॉडीवर ऑटोफोकस तर नाहीच, हाताने करावयाचा फोकसही बंद होतो. काही मधल्या काळातील बॉडींना, उदाहरणार्थ डी३३०० आणि डी५३०० यांना, फर्मवेअर अद्ययावत केल्यावर या लेन्स चालतात. त्याहून जुन्यांना तोही उपाय नाही.

इतर कंपन्यांचे काय?

कॅननच्या १९८७ नंतरच्या ईएफ लेन्स बहुतांशी निर्वेधपणे चालतात. अपवाद इतर उत्पादकांच्या काही जुन्या लेन्सचा. कॅननची संवादपद्धती अभ्यासून त्या तयार केल्या गेल्या. पुढील बॉडींनी संवादात बदल करताच त्या 'एरर' दाखवू लागल्या. तसेच २००३ मध्ये ३००डी सोबत आलेल्या ईएफ-एस लेन्स त्याआधीच्या ईओएस बॉडींवर बसतच नाहीत.

२०१८ नंतर निकॉन आणि कॅनन यांनी नव्या माउंटचे मिररलेस कॅमेरे आणले. जुन्या लेन्स अॅडॅप्टर लावून त्यांवर बसतात; उलटे मात्र शक्य नाही. निकॉनच्या एफ माउंटमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर, तर झेड माउंटमध्ये अवघे १६ मिलिमीटर आहे. वाढलेली पोकळी अॅडॅप्टर भरून काढू शकतो. नसलेली जागा निर्माण करू शकत नाही. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरमध्ये मोटार नसल्याने जुन्या 'डी' लेन्सचा फोकस तेथेही हातानेच करावा लागतो.

बिघाड की विसंगती?

कोकणात आणखी एक शक्यता ध्यानात घ्यावी लागते. खारे वारे आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे संपर्कबिंदूंवर पातळ थर चढतो आणि संवाद तुटतो. ऑटोफोकस पूर्वी चालत होता आणि आता अधूनमधून बंद पडतो, तर संशय या थरावर घ्यावा. कॅमेरा बंद करून कोरड्या, मऊ कापडाने बिंदू हलकेच पुसावेत. पहिल्या दिवसापासून काहीच घडत नसेल, तर ती विसंगती समजावी. टेलिकन्व्हर्टर लावल्यावरच अडचण येत असेल, तर कारण वेगळे असते. एफ/४ लेन्सला दुप्पट क्षमतेचा कन्व्हर्टर लावला की ती एफ/८ होते आणि अनेक जुन्या बॉडींचे ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाचे असते.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहणे हिताचे ठरते. बॉडीच्या माउंटवर पेचकसासारखे लहान टोक आहे काय, म्हणजेच बॉडीत मोटार आहे काय. लेन्सच्या नावातील एएफ, एएफ-एस, एएफ-पी, ई ही अक्षरे कोणती. आणि उत्पादकाच्या सुसंगततेच्या तक्त्यात आपल्या बॉडीचे नाव आहे काय. वापरलेली लेन्स घेताना आपली बॉडी सोबत नेऊन, अॅपर्चर बदलून चार छायाचित्रे काढून पाहणे सर्वांत उत्तम. केवळ बसवून पाहण्याने खात्री होत नाही.