टकटक ऐकू आली, की वायर काढा

हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली म्हणून कुणी दुकानात आलं, की मी आधी विचारतो, ‘आवाज आल्यापासून कितीदा चालू करून पाहिलीत?’ ‘बऱ्याच वेळा’ हेच उत्तर मिळतं आणि जीव तुटतो. डिस्क बिघडते तेव्हा डेटा पुष्कळदा शाबूत असतो. तो जातो नंतरच्या खटपटीत.

आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. डेटा वाचणारं हेड त्यांना टेकत नाही, काही नॅनोमीटरवर तरंगतं. डिस्क पडून हेड दुखावलं, की त्याला चकतीवरच्या खुणा सापडत नाहीत. ते मागे येतं, पुन्हा जातं. टकटक ती हीच. असं हेड फिरत राहिलं तर चुंबकीय थर खरवडून निघतो. त्याची भुकटी झाली, की मग कुणाच्याच हातात काही राहत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. कृपा करून ऐकू नका; बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाची डिस्क सध्या टेबलावर आहे. हेड धड आहे, पण बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे तुकडे, पुष्कळ. अशा डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवायचा नाही, कारण तो तिच्यावरच लिहू लागतो. आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर अख्खी नक्कल घ्यायची. हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम सहज वाचता येईल तेवढं आधी उचलतो, अडेल तो भाग टिपून ठेवतो आणि शेवटी तिकडे वळतो. पुढचं सगळं नकलेवर. फाइलींची यादीच गेली असेल, तर फोटोरेक प्रत्येक फोटोच्या सुरुवातीची ठरावीक खूण शोधून फोटो वेचतो. फाइलींची नावं जातात. पण कॅमेऱ्याने तारीख-वेळ फोटोतच लिहिलेली असते, तिच्यावरून हळद कुठली न् रिसेप्शन कुठलं ते लावता येतं.

२००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावला ज्यात होत्या ते. अवशेषांत एक जळकी हार्ड डिस्क सापडली. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक कंपनीत तिच्या चकत्या धुऊन नव्या डिस्कमध्ये बसवल्या आणि ९९ टक्के डेटा मिळाला. चकत्यांना खड्डे पडले होते, पण जिथे काही लिहिलेलंच नव्हतं तिथे. त्यातल्या झेनॉन वायूवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. टेबलावरून पडलेल्या डिस्कची आशा म्हणूनच मी सहजासहजी सोडत नाही.

एसएसडीचं, म्हणजे चकत्यांऐवजी चिपवर लिहिणाऱ्या ड्राइव्हचं, वेगळं. तिथे फाइल डिलीट केली, की ट्रिमचा हुकूम जातो आणि ड्राइव्ह फुरसतीत ती जागा आतल्या आत पुसते. वीज असेपर्यंत हे चालूच. चुकून काही डिलीट झालं, तर कॉम्प्युटर तत्काळ बंद करा आणि पुन्हा चालू न करता घेऊन या.