बाळंतिणीचे दशमूलारिष्ट : घेण्यापूर्वी थोडे जाणून घेऊ

घरात बाळ आले की छिल्ल्याच्या चाळीस दिवसांत डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांच्यासोबत दशमूलारिष्टाची बाटलीही येते. ती कधी व किती घ्यावी, आणि मुळात आपल्याला घेता येते का, असे दोन प्रश्न भगिनी आम्हाला नेहमी विचारतात.

दशमूळ म्हणजे दहा मुळे. बेल, शिवण, पाडळ, टेटू व ऐरण ही पाच झाडांची. सालवण, पिठवण, डोरली, भुईरिंगणी व सराटा ही पाच लहान वनस्पतींची. आयुर्वेदात ती वातशामक मानली जातात. म्हणून बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीवर, अंगदुखीवर व थकव्यावर वैद्य ती देतात.

अरिष्ट करताना या मुळांच्या काढ्यात गूळ, मध, मनुका आणि धायटीची फुले घालून तो अनेक दिवस बंद भांड्यात ठेवतात. तो आंबतो आणि त्यात आपोआप अल्कोहोल तयार होते. बहुधा ५ ते १० टक्के. बाटलीवर 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल' असे बारीक अक्षरांत छापलेले असते. कोमट पाणी मिसळले की ते उडून जाते, हा समज चुकीचा आहे.

अशा औषधाबाबत उलमांचे एकमत नाही. काही जण ते वर्ज्य मानतात, तर काही जण औषधाची मात्रा व गरज पाहून सवलत देतात. आपण ज्यांना मसला विचारतो त्या आलिमांना लेबल दाखवूनच विचारावे. मात्र एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. हीच दहा मुळे न आंबवता, साध्या काढ्यानेही घेता येतात. मग पर्याय हाताशी असताना मनात शंका ठेवून घोट का घ्यावा?

काढ्यासाठी दुकानात दशमूळ भरड मिळते. दोन चमचे भरड दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळून अर्धा कप उरवावी, गाळून कोमट प्यावी. काढा रोज ताजा करावा. शिळा ठेवू नये. अरिष्ट घ्यायचेच ठरले तर वैद्य साधारणपणे १५ ते २० मिली, तेवढेच पाणी घालून, दोन्ही जेवणांनंतर सांगतात. आपली मात्रा मात्र वैद्यांकडूनच ठरवून घ्यावी. निफास संपून रोजे सुरू केले असतील, तर औषधाच्या वेळा इफ्तारनंतर व सहरीला बसवता येतात.

काही ठिकाणी थांबायलाच हवे. गरोदरपणी हे आपल्या मनाने घेऊ नये. मधुमेह असेल तर अरिष्टातला गूळ व मध चालणार नाही. सिझेरियन झाले असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. बाळ अंगावर पीत असल्याने आईच्या पोटात गेलेल्या अल्कोहोलचा काही अंश दुधातही उतरतो, हेही ध्यानात ठेवावे.

ताप येणे, रक्तस्राव वाढणे, स्रावाला दुर्गंधी येणे ही अशक्तपणाची नव्हे, धोक्याची लक्षणे आहेत. तेव्हा काढा नको, ताबडतोब दवाखाना गाठावा. आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. दशमूळ घेतले म्हणून त्या बंद करू नयेत.

सुनेची किंवा लेकीची काळजी घेणे हे सवाबाचे काम आहे. ती काळजी बाटलीवरचे लेबल वाचण्यापासून सुरू व्हावी, एवढीच आमची विनंती. अल्लाह प्रत्येक माता-बालकास आफियत देवो. आमीन.